बंदी चुलीवर, सोय कशावर?

जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. त्यांपैकी जिंजी तामिळनाडूत आहे, उरलेले ११ महाराष्ट्रात. या घटनेचा आनंद सर्वत्र साजरा झाला आणि तो रास्तच होता. परंतु मानांकनापाठोपाठ गडांवरील गर्दी, कचरा, मुक्काम आणि शिस्त यांविषयीचे जुने प्रश्नही नव्याने उभे राहतात. त्यांतील एक प्रश्न दिसायला अगदी किरकोळ आहे आणि म्हणूनच तो चर्चेत येत नाही. गडावर किंवा जंगलात मुक्काम करणाऱ्याने अन्न कशावर शिजवावे, हा तो प्रश्न.

आजवर या प्रश्नाचे उत्तर तीन दगड हेच होते. भोवतालची वाळकी काटकी गोळा करायची, तीन दगड मांडायचे आणि त्यावर खिचडीचे पातेले चढवायचे, ही सह्याद्रीतील भटकंतीची जणू रीतच होऊन बसली. लेण्यांच्या छतांवर साचलेली काजळी, देवळांच्या ओवऱ्यांत काळे पडलेले चिरे आणि तटाच्या आडोशाला उरलेले राखेचे ढीग ही त्या रीतीची किंमत आहे. दगडावर वारंवार जाळ केला, की तो तापून आणि मग निवून त्याचे पापुद्रे सुटतात. शतकानुशतके ऊन-पाऊस सोसलेल्या चिऱ्याला एखाद्या रात्रीची चूल पुरेशी घातक ठरू शकते.

लाकडाचा हिशेबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी उकळण्यास साधारण ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीचा वाऱ्यावर जातो. म्हणजे लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम लाकूड. तेच काम गॅसवर १५ ग्रॅमच्या आसपास इंधनात होते. १२ जणांच्या चमूचा दोन वेळचा चहा आणि दोन वेळची खिचडी धरली, तर वाऱ्याची घट मिळून गॅस लागेल अर्धा किलो, लाकूड सहा-सात किलो. एका गडावर एका रात्री असे २० चमू उतरले, की सव्वाशे-दीडशे किलो लाकूड जळाले. वर्षातील २५ गर्दीच्या रात्री धरल्या, तर हा आकडा तीन टनांच्या पुढे जातो. ढोबळ हिशेब असला, तरी गडमाथ्यावरची विरळ झाडी हा भार वाहू शकत नाही, एवढे कळण्यास तो पुरेसा आहे.

कायद्याची भूमिका याबाबतीत कडक आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६नुसार राखीव वनात ठरवून दिलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटवणे, ठेवणे किंवा नेणे हा गुन्हा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो. केंद्र संरक्षित स्मारकांसाठी १९५९ची नियमावली आहे. तीनुसार नेमून दिलेल्या जागेखेरीज स्मारकात अन्न शिजवता येत नाही. हे नियम रास्त आहेत. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीचे उतार वाळक्या गवताने भरलेले असतात आणि एक ठिणगी डोंगर पेटवू शकते. मार्च २०१८मध्ये तामिळनाडूतील कुरंगणी येथे पदभ्रमणास गेलेल्या गटाला वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्या वणव्याचा संबंध चुलीशी जोडण्याचे कारण नाही. परंतु वाळक्या उतारावरची आग माणसाला पळायला किती अवधी देते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

चूल नको, हे मान्य. मग काय? येथे नियमांचे दुसरे टोक समोर येते. मुंबई-पुण्याच्या गिरिप्रेमींचे वाहन म्हणजे लोकल. कर्जत, कसारा, लोणावळा ही स्थानके म्हणजे सह्याद्रीची दारेच. रेल्वेत मात्र गॅस सिलिंडर, रॉकेल आणि अन्य ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम १६४नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही मनाई किती आवश्यक आहे, हे २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे दिसले. लखनऊहून निघालेल्या खासगी सहलीच्या डब्यात प्रवाशांनी चोरून सिलिंडर आणले होते. डबा स्थानकाच्या आवारात उभा असताना पहाटे चहा करण्याच्या खटपटीत आग लागली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. बंद डब्यात पेटवलेली एक शेगडी, एवढेच त्या शोकांतिकेचे कारण.

एकंदर स्थिती अशी की, जंगलात लाकूड पेटवायचे नाही आणि गाडीतून गॅस न्यायचा नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य असले, तरी दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर कोणीच देत नाही. उत्तर नसले की पळवाट निघते. काहीजण कॅन पाठपिशवीच्या तळाशी दडवून लोकलमध्ये चढतात, तर काहीजण गडावर पोचल्यावर निमूटपणे काटक्या गोळा करू लागतात.

पूर्वी ही कोंडी एवढी घट्ट नव्हती, कारण रॉकेल घरोघरी होते. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२मध्ये काजळी न धरणारा दाबाचा स्टोव्ह बनवला. तो प्रायमस या नावाने जगभर गेला आणि ध्रुवीय मोहिमांपासून १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेपर्यंत गिर्यारोहकांचा सोबती ठरला. मराठी घरांतही पंपाचा स्टोव्ह, त्याची पिन आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा यांची ओळख दोन-तीन पिढ्यांना होती. पुढे इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला वातीचा ‘नूतन’ आला. परंतु गेल्या दशकभरात रेशनवरील अनुदानित रॉकेल आटत गेले. धुरातून आणि स्टोव्हच्या भडक्यातून घरे सुटली, ही समाधानाचीच बाब. फक्त भटक्यांच्या हातातील सर्वांत कणखर इंधन त्याबरोबर गेले. अतिशीत हवेत, उंचावर, वाऱ्यात इमानाने जळणारे इंधन म्हणून हिमालयात त्याची जागा आजही पूर्णपणे भरून निघालेली नाही.

आता उरतो गॅस, आणि त्याचे स्वभाव समजून घेणे भाग आहे. बाजारात मुख्यतः दोन प्रकारच्या शेगड्या मिळतात. पहिली सुटकेससारख्या डब्यात येणारी, आडवा कॅन बसवण्याची शेगडी. तिच्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो. दुसरी घडीची, मूठभर आकाराची, पेचाच्या कॅनवर बसणारी. तिच्या कॅनमध्ये आयसोब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन उणे १२च्या आसपास, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. त्या तापमानाखाली द्रवाचा वायू होत नाही आणि ज्योत मरते. सह्याद्रीतील थंडीत साधा ब्युटेन पुरतो. जळताना कॅन गार पडून ज्योत थोडी मंदावते, इतकेच. हिमालयात बर्फरेषेजवळ जाणाऱ्याने मात्र मिश्रणाचाच कॅन घ्यावा किंवा रॉकेलच्या स्टोव्हची सोय असलेल्या चमूबरोबर जावे. दोघे-तिघे असतील तर घडीची शेगडी हलकी पडते. दहा-बारा जणांचे मोठे पातेले तिच्यावर तोल सांभाळत नाही, तेथे रुंद बैठकीची शेगडीच बरी.

तथापि रुंद शेगडीवर शेगडीहून मोठे पातेले किंवा तवा ठेवला, तर त्याची उष्णता खाली परतून शेजारच्या कॅनला तापवते. दोन शेगड्या चिकटवून एकच मोठे भांडे ठेवण्याची युक्ती तर स्फोटाला आमंत्रण आहे. घडीच्या शेगडीभोवती वारा अडवण्यासाठी पत्र्याचे कडे पूर्ण वेढले, की तोच धोका. आडोसा करावा तो एकाच बाजूने, आणि कॅनला हात लावून तो थंड आहे याची खात्री अधूनमधून करावी. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढून नव्हे. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो उडून जात नाही, तंबूच्या तळाशी किंवा गुहेच्या खोलगट भागात साचून राहतो. तंबूत शेगडी पेटवणे दुहेरी घातक आहे. कापड पेट घेते, आणि हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस त्याने उठतच नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे रिकामे कॅन घरगुती सिलिंडरमधून पुन्हा भरण्याचा. हे पातळ पत्र्याचे कॅन एकदा वापरून टाकण्यासाठी बनवलेले असतात. ते ब्युटेनचा दाब सोसतात. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि ४० अंश तापमानाला प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून अधिक असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला असा कॅन म्हणजे वात नसलेला सुतळी बॉम्ब होय. गल्लीबोळांत प्रमाणपत्राविना विकली जाणारी छोटी सिलिंडरे आणि त्यांत होणारी चोरटी भरणी हाही याच प्रकारातला धंदा. कायदेशीर मार्ग उपलब्ध नाही तेथे बेकायदा बाजार फोफावतो, हा अर्थशास्त्राचा जुना नियम येथेही खरा ठरतो.

कायदेशीर मार्ग अशक्य आहे काय? तसे दिसत नाही. सरकारी तेल कंपन्या पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर विकतात. इंडियन ऑइलने २०२०मध्ये त्याला ‘छोटू’ असे नाव दिले. उज्ज्वला योजनेनंतर पायथ्याच्या पुष्कळ घरांत गॅस पोचला आहे. हा सिलिंडर शहरातून गडापर्यंत वाहून नेण्याऐवजी पायथ्याच्या गावातच भाड्याने मिळाला, तर रेल्वेचा प्रश्न आपोआप सुटतो. नेपाळने हा धडा केव्हाच गिरवला आहे. १९८६मध्ये सुरू झालेल्या अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र प्रकल्पाने पदभ्रमण मार्गावर सरपण जाळण्यास बंदी घातली, तेव्हा छोमरोंग येथे रॉकेलचा डेपोही उभारला. बंदी आणि पुरवठा हातात हात घालून आले, म्हणून बंदी पाळली गेली.

आपल्याकडेही पायथ्याच्या ग्रामपंचायती, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि बचत गट यांच्यामार्फत हे जमण्याजोगे आहे. अनामत घेऊन शेगडी व सिलिंडर द्यावा, परतल्यावर मोजून घ्यावा, रिकामे कॅन परत आणणाऱ्यालाच अनामत मिळावी. मुक्कामास परवानगी असलेल्या ठिकाणी, वास्तूपासून दूर, गवत काढलेला एक फरसबंद ओटा स्वयंपाकासाठी नेमून द्यावा. १९५९च्या नियमावलीत ‘नेमून दिलेली जागा’ ही तरतूद आहेच, ती अमलात आणावी लागेल. वन कायद्याची अडचण थोडी निराळी आहे. तो विस्तव एवढेच जाणतो. ठिणग्या उडवणारी चूल आणि एका बटणाने विझणारी शेगडी यांत तो फरक करत नाही. वन विभागाने स्थानिक आदेशांत हा फरक स्पष्ट केला, तर प्रामाणिकपणे शेगडी नेणाऱ्यास गुन्हेगार ठरण्याची भीती राहणार नाही. ऐन वणव्याच्या दिवसांत मात्र तिलाही मज्जाव असावा, आणि त्या दिवसांत पायथ्याच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन वर चढणे हाच मार्ग राहावा. त्यातून गावाला चार पैसेही मिळतात.

यावर असे म्हटले जाईल की, गडावर मुक्कामच नको, म्हणजे स्वयंपाकाचा प्रश्नच मिटेल. जेथे वास्तू नाजूक आहे तेथे हा उपाय योग्यच. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८मध्ये उंचावरील बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, ती अशाच चिंतेतून. परंतु सह्याद्रीत शेकडो किल्ले आणि घाटवाटा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पहारा बसवणे कोणत्याही विभागाला शक्य नाही. पहारा नसलेल्या ठिकाणी बंदीचा फलक तेवढा उरतो आणि त्याच्याच आडोशाला चूल पेटते.

गिर्यारोहण संस्थांवरही जबाबदारी येते. दोराच्या गाठी जितक्या आस्थेने शिकवल्या जातात तितक्याच आस्थेने शेगडी हाताळणे शिकवले पाहिजे. डाळ-तांदूळ आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकर नेणे या घरच्या सवयींनी इंधन पुष्कळ वाचते. उंचावर तर कुकरला पर्याय नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आतच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही.

जागतिक वारशाचा मान मिळाला, की त्याबरोबर व्यवस्थेची जबाबदारीही येते. गडावरची चूल विझवण्याचा अधिकार शासनाला निश्चितच आहे. परंतु चूल विझवणाऱ्याने शेगडीची वाटही दाखवली पाहिजे. अन्यथा तटाआडची राख आणि लोकलमधल्या पिशवीतला कॅन, दोन्ही तसेच राहतील आणि पुढच्या दुर्घटनेनंतर एक नवे परिपत्रक तेवढे निघेल.