दगडी स्तंभांची एकतर्फी साक्ष

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात रस्त्याकडेला आणि टेकड्यांच्या पायथ्याशी दगड रचून उभारलेले लहान लहान स्तंभ दिसतात. मेजर थॉमस मिचेल १८३६ साली येथून गेला, एवढेच त्यांतील बहुतेक सांगतात. यांतले अनेक स्तंभ १९३६ साली मोहिमेच्या शताब्दीनिमित्त उभे राहिले. एका स्तंभावरून दुसऱ्यावर जात राहिले की मोहिमेचा सारा मार्ग डोळ्यांपुढे येतो. पर्यटकाला हा इतिहास वाटतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र हे ताब्याचे दस्तऐवज दिसतात, आणि तेही एकतर्फी!

मिचेल हा न्यू साउथ वेल्सचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचा प्रमुख. त्याच्या आधीच्याच वर्षी, १८३५ मध्ये, जॉन बॅटमन याने मूळनिवासी प्रमुखांशी जमिनीचा करार केला होता. करार फसवा होता, पण जमिनीला मालक आहे एवढे तरी त्यात मान्य होते. गव्हर्नर बर्क यांनी जाहीरनामा काढून तो रद्द ठरवला. जमीन ब्रिटिश राजसत्तेची, मूळनिवासी ती विकणारे कोण?

मग २७ मे १८३६ रोजी मरे नदीच्या काठी मिचेलच्या माणसांनी गोळ्या कोणावर झाडल्या? नदीत उड्या टाकून पलीकडे पोहत जाणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. मिचेलच्याच हिशेबाने किमान सात जण मेले. त्याने त्या टेकडीला नाव दिले माउंट डिस्पर्शन, म्हणजे पांगापांगीची टेकडी. माणसे मारायची आणि नोंद करायची ‘पांगवली’ अशी! पुढे वसाहतीच्या पोलिसांच्या कागदांत हाच शब्द हत्येसाठी सर्रास वापरला गेला. सिडनीत चौकशी झाली, सौम्य शब्दांत खेद व्यक्त झाला आणि १८३९ मध्ये मिचेलला ‘सर’ हा किताब मिळाला.

या मोहिमेला वाट कोणी दाखवली? जॉन पायपर या मूळनिवासी वाटाड्याने आणि ट्युरंडुरी नावाच्या विधवेने. ट्युरंडुरीची चिमुकली मुलगी बॅलनडेला गाडीवरून पडली आणि चाकाखाली तिची मांडी मोडली. तरीही आई वाट दाखवत राहिली. शेवटी मिचेलने त्या मुलीला सिडनीला आपल्या घरी नेले आणि पुढे इंग्लंडला जाताना एका डॉक्टरच्या हवाली केले. ज्यांच्या पायांनी वाट सापडली, त्यांची नावे किती दगडांवर आहेत?

या मुलखाला मिचेलने ‘ऑस्ट्रेलिया फेलिक्स’ म्हटले, म्हणजे सुखी ऑस्ट्रेलिया. त्याच्या गाड्यांच्या चाकोरीवरून मेंढ्यांचे कळप घेऊन गोरे वसाहतवाले आले आणि मूळनिवासींच्या शिकारीच्या जागा व पाणवठे गेले. सुख कोणाचे, हे सांगायला नको. जमीन निर्मालक होती हे तत्त्व चुकीचे, असे ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात १९९२ साली सांगितले. त्या चाकोरीला तोवर दीडशेहून अधिक वर्षे उलटली होती.

हे स्तंभ पाडावेत काय? पुरावा नष्ट करून न्याय मिळत नाही. दुसऱ्या पक्षाची साक्ष नोंदवावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल शहरात तीन गोऱ्या शोधकांचे १९१३ चे स्मारक आहे. त्याच स्मारकावर १९९४ मध्ये दुसरी पाटी बसली. सूडमोहिमेत मारल्या गेलेल्या मूळनिवासींची बाजू ती सांगते. माउंट डिस्पर्शनची जागाही २०२० मध्ये सरकारने संरक्षित आदिवासी स्थळ म्हणून जाहीर केली.

मिचेलच्या वाटेवरील प्रत्येक स्तंभाला अशी दुसरी पाटी हवी. तिच्यावर पायपर, ट्युरंडुरी आणि बॅलनडेला यांची नावे हवीत, आणि ‘पांगवले’ऐवजी ‘ठार मारले’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही, हा न्यायाचा पहिला नियम. तो दगडांनाही लागू आहे.