शुद्धतेचं सोवळं

गेल्या वीकेंडला एका मित्राने मला चक्क 'खाटीक' म्हटलं. गुन्हा काय, तर माझ्या कॉर्ग मोनो/पॉलीच्या पोटात मी मायक्रोकंट्रोलर बसवायला घेतलाय!

मोनो/पॉली हा १९८१ सालचा अ‍ॅनालॉग सिंथ. स्वर निर्माण करणारे चार ऑसिलेटर आणि पुढे त्या आवाजाला आकार देणारा फिल्टर. मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्यभर वाजवून निवृत्त झालेल्या एका काकांकडून मी तो घेतला. चौथा ऑसिलेटर मेलेला. त्यातली एसएसएम २०३३ ही मूळ चिप बनायची केव्हाच थांबली. जुन्या साठ्यातली मिळालीच तर महाग, वर अस्सल की नकली हा जुगार वेगळाच.

मित्र म्हणतो, "बंद राहू दे, पण डिजिटल घुसवू नकोस. आत्मा जाईल त्याचा."

आत्मा? बरं, जरा इतिहास बघू. सगळे ज्याच्या पाया पडतात त्या प्रॉफेट-५ मध्ये १९७८ सालीच झेड-८० प्रोसेसर होता. १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये ऑसिलेटरचा सूर डिजिटल घड्याळच सांभाळतं. आणि पीपीजी वेव्ह २ ने तर सरळ डिजिटल ऑसिलेटर अ‍ॅनालॉग फिल्टरमधून सोडले. साल? १९८१! म्हणजे हा 'बाटवाबाटवी'चा प्रकार माझ्या जन्माआधीचा आहे. मी करतोय तेही तेच. आवाज जातो शेवटी त्या जुन्या फिल्टरमधूनच.

आक्षेप घ्यायचाच तर तांत्रिक घ्या ना! सॉटूथ लहरीची उभी कडा नुसत्या काउंटरने काढली तर वरच्या सुरांत भलतेच बेसूर स्वर मिसळतात. म्हणून कडेजवळची सॅम्पल्स गुळगुळीत करावी लागतात. कीबोर्डचं व्होल्टेज १२ बिटांत मोजलं तर पाच सप्तकांना ४०९६ पायऱ्या, म्हणजे एका सेमीटोनला जेमतेम ६८. बाकीचे तीन ऑसिलेटर शेजारी वाजत असताना कानाला ती पायरी जाणवू शकते. म्हणून अनेक मोजमापांची सरासरी घेतो. दोन रविवार यातच गेले. (बायकोला विचारा!)

पण दुसऱ्या टोकाची मंडळीही मला पटत नाहीत. पॅनेलला भोकं पाडायची, बोर्डवरच्या ट्रेस कापायच्या आणि त्याला 'मॉड' म्हणायचं. माझा नियम साधा आहे: मूळ बोर्डवरची एकही ट्रेस कापायची नाही, काढलेली चिप डबीत जपून ठेवायची आणि कधी विकला तर घेणाऱ्याला सगळं सांगायचं. उद्या अस्सल चिप मिळाली तर सगळं मूळपदावर आणता येईल.

शेवटी न राहवून काकांनाच फोन केला.

"काका, तुमच्या कॉर्गमध्ये छोटा कॉम्प्युटर घालतोय. चालेल ना?"

"चौथा वाजेल का रे?"

"वाजेल."

"मग विचारतोस काय? मी रविवारी येतो."

असो. चौथा ऑसिलेटर अजून वरच्या सप्तकात किंचित चढा बोलतोय. रविवारच्या आत तो सुरात आणायचाय.