बॅटरीचे आयुष्य आपल्या हाती

भगिनींनो, शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत वीज गेली की सहरीला आणि तरावीहला इन्व्हर्टरचाच आधार असतो. पण त्याची महागडी बॅटरी नीट न सांभाळल्यास लवकर बाद होते. हाही इस्राफच.

मोठ्या वीजसाठ्यासाठी वापरली जाणारी सोडियम-सल्फर बॅटरी सुमारे ३०० अंशांवर, आतले सोडियम आणि गंधक वितळलेले असतानाच काम करते. आपल्या घरातल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे उलट आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. जागा हवेशीर हवी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी, अगरबत्ती पेटवू नका.

दर महिन्याला पाण्याची पातळी पाहा. मुंबईची तहान भागवणारे आपल्या भातसा-तानसाचे पाणीही इथे चालत नाही. त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच घाला. वरून आम्ल घालू नका. इन्व्हर्टरने इशारा दिला की पंखे बंद करा. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या. ती अंगणात फोडू नका. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते.