ताळा आणि अदमास

उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या कीं उदाहरण संपलें, असें आमच्या बहुतेक विद्यार्थीमित्रांस वाटतें. ताळा करून पाहा असें सांगितलें, तर शेजाऱ्याच्या वहींत डोकावून "जुळलें" म्हणणारेही पुष्कळ आढळतात. इकडे कित्येक पालकही म्हणूं लागले आहेत कीं, ज्याच्या त्याच्या खिशांत गणकयंत्र आलें असतां मुलांना अंकगणिताचा एवढा जाच कशाला? हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तें कां, हें आम्ही विमानाच्या वजनाच्या दाखल्यानें सांगूं इच्छितों.

प्रवासी विमान दर फेरीला कोणी तराजूवर घालून तोलीत नाहीं. रिकाम्या विमानाचें वजन पूर्वीं तोलून नोंदलेलें असतें. त्यांत उतारू, सामान, माल व इंधन ह्यांचीं वजनें मिळविलीं म्हणजे एकूण वजन निघतें. उतारूंनाही सहसा कोणी तोलीत नाहीं. दर माणशीं एक सरासरी आंकडा धरतात. सारी भिस्त ह्या बेरजेवर. किती वेगानें जमीन सोडावी आणि किती वेगानें जमिनीस टेकावें, हें तिच्यावरूनच ठरतें.

उतरण्याचेंच पाहा. प्रत्येक वजनाचा एक किमान वेग असतो. त्याहून मंद गेल्यास हवा पंखांस पेलून धरीत नाहीं. म्हणून धावपट्टीकडे येतांना त्याच्या सुमारें सव्वापट वेग राखतात. वजन वाढलें कीं वेगही वाढवावा लागतो, तो वर्गमुळाच्या प्रमाणांत. वजन २१ टक्के अधिक, तर वेग १० टक्के अधिक. आतां यंत्रास खऱ्याहून कमी वजन सांगितलें, तर तें कमी वेग सुचवितें, आणि सुरक्षिततेसाठीं राखलेला तो वरचा पाव हिस्साच खर्च होऊं लागतो. विमानाचें नाक अधिक उचलावें लागतें व शेपूट जमिनीस घासण्याची भीति उत्पन्न होते. उलट अधिक वजन सांगितलें, तर विमान नको तितक्या वेगानें येतें, धावपट्टीवर तरंगत राहतें, आणि मग त्यास थांबविण्याचें काम वेगाच्या वर्गानें वाढलेलें असतें. निघतांना शिरलेली चूक फुकट्या उतारूप्रमाणें सबंध प्रवास करून उतरण्याच्या वेळीं अशी पुढें येऊं शकते.

पुष्कळदां ती त्याच्याही आधीं, उड्डाणाच्याच वेळीं, आपला प्रताप दाखविते. १२ मार्च २००३ रोजीं न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें एका विमानाचें वजन ३४७ टनांऐवजीं २४७ टन धरलें गेलें. १६३ नॉट वेग पाहिजे होता, त्याहून ३३ नॉट कमी असतांनाच नाक उचललें, आणि शेपूट सुमारें ४९० मीटर घासत गेलें. पुढल्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर २००४ रोजीं, कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें एक मालवाहू विमान कोसळून आंतील सातही जण प्राणांस मुकले. चौकशीचा निष्कर्ष असा कीं, विमानाचें वजन सुमारें ३,५३,००० किलोग्रॅम असतां गणितास बहुधा आधींच्या उड्डाणाचें २,४०,००० हेंच वजन घेतलें गेलें. २० मार्च २००९ रोजीं मेलबर्नहून दुबईस निघालेल्या विमानांत ३६२.९ च्या जागीं २६२.९ टन दाबलें गेलें. चुकला एकच अंक. आंत माणसें २७५! वैमानिकानें ऐन वेळीं इंजिनांची पूर्ण शक्ति लावली म्हणूनच शेपूट घासत कां होईना, विमान हवेंत चढलें. परत उतरण्याची तयारी करूं लागल्यावर शंभर टनांची ती तूट कोठें ध्यानांत आली.

ह्या ठिकाणीं यंत्रानें गणित चुकविलें नव्हतें. दिलेल्या आंकड्याचें बिनचूक उत्तर दिलें होतें. वैमानिकांस निष्काळजी म्हणून मोकळें होणेंही अन्यायाचें आहे. एकच वैमानिक आज हलकें तर उद्यां भारी विमान चालवितो, २६२.९ हा आंकडा त्यास नुसता पाहून विचित्र वाटत नाहीं. मेलबर्नला फेरतपासणीचे नियम होते. तरी चूक त्यांतून निसटली. पहिल्याचें उत्तर वाचून मान डोलविणें हा ताळा नव्हे. दुसऱ्यानें मूळ आंकड्यांपासून स्वतः हिशेब मांडला पाहिजे, आणि तत्पूर्वीं उत्तर कोठल्या घरांत यावें ह्याचा अदमास बांधला पाहिजे. आपला किराणा दुकानदार पाहा. पिशवी उचलतांच तो कांट्याकडे संशयानें पाहतो, तें ह्याच बळावर.

यंत्रालाच ताळा करावयास लावावा, असें कोणी म्हणेल. अवश्य लावावा. पण त्या यंत्रास शिकविणारेंही माणूसच. २१ जुलै २०२० रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून माजोर्काला गेलेल्या एका विमानांत 'मिस' म्हणून नोंदलेल्या ३८ प्रौढ स्त्रियांस यंत्रानें बालकें समजून प्रत्येकीचें वजन ६९ ऐवजीं ३५ किलोग्रॅम धरलें, कारण ती आज्ञावली जेथें लिहिली गेली, तेथें 'मिस' ही पदवी लहान मुलींस लावीत. कागदावरचें वजन १,२०० किलोग्रॅमहून अधिक कमी भरलें. विमान सुखरूप पोहोंचलें खरें. परंतु सुट्टीच्या सहलीस निघालेल्या विमानांत इतकीं बालकें एकाएकीं आलीं कोठून, हा प्रश्न विचारावयास गणकयंत्र लागत नाहीं.

आमची गणिताच्या शिक्षकांस विनंती आहे कीं, पुढील वर्षापासून प्रत्येक उदाहरणाच्या आरंभीं अदमासाची एक ओळ लिहावयास लावावी व तिला स्वतंत्र गुण द्यावे. वेळ पुरत नाहीं ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. पण ह्या ओळीस अर्धें मिनिटही लागत नाहीं. पालकांनींही गृहपाठ पाहतांना आधीं ती ओळ पाहावी, आणि उत्तर मागाहून.