सा कुणाचा?

फराळाचे ताट पुढे ठेवले, तरी वहिनींचा हात चकलीकडे जाईना. चकली सोडणाऱ्यांपैकी त्या नव्हेत, तेव्हा काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखले.

"भावोजी, आमचे गाणे संपले," त्या म्हणाल्या. "गुरुजी म्हणाले, या वयात आता तुमचा गळा व्हायचा नाही."

वहिनींचे वय बावन्न. लग्नाआधी गाणे शिकायचे राहिले, मग संसार, मग मुलांच्या परीक्षा. मुले मार्गी लागल्यावर घराजवळच्या एका गायनवर्गात त्यांनी नाव घातले. वर्गात बाकी सगळी आठ-दहा वर्षांची पोरे. तीन महिने त्यांच्याबरोबर अलंकार घोटले. पंचमापर्यंत ठीक चाले, त्यापुढे गळा आवळे आणि तार षड्जाला फाटे.

"पट्टी कोणती होती?" मी विचारले.

"पट्टी म्हणजे?"

तीन महिन्यांत ही एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती! आणि माझ्या मते गाण्याचा पहिला धडा हाच आहे. आपल्या संगीतात सा हा जागेवर खिळलेला स्वर नाही. गाणारा ज्या उंचीवर सा धरील, तो त्याचा सा. बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ठरतात. लग्नघरात 'मामा' म्हणून हाक मारली तर कुणाचा मामा ते आधी कळावे लागते, तसेच हे.

माळ्यावरची पेटी काढली. झुरळाची एक पिढी झटकून भाता हलवला. पेटीच्या पट्ट्या मोजायची आपली रीत सोपी आहे: पांढऱ्या सात, एक ते सात, काळ्या पाच, एक ते पाच. पांढरी एकला सा धरून ओळीने पांढऱ्या पट्ट्या दाबत गेले की सातही शुद्ध स्वर वाजतात. भातखंड्यांनी ज्या बिलावल थाटाला शुद्ध स्वरांचे सप्तक मानले, ते हेच. पण नवशिक्याची फसगतही इथेच होते. त्याला वाटते, पांढरी एक म्हणजेच सा. खरे महत्त्व पट्टीच्या रंगाला नसून अंतराला आहे. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजायच्या: सा ते रे दोन, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नी दोन आणि नी ते तार सा एक. बेरीज बारा. हा हिशेब ठेवून कुठल्याही पट्टीवरून निघा, सप्तक तेच. मधल्या सुटलेल्या पाच जागा म्हणजे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी. सा आणि प मात्र अचल. त्यांना कोमल-तीव्र काही नाही.

वहिनींच्या वर्गातली पट्टी मी त्यांनी गुणगुणलेल्या सुरावरून शोधली. काळी एक निघाली. लहान मुलांच्या कोवळ्या गळ्याला ती सोसते; पण बावन्न वर्षांच्या बाईला त्याच उंचीवरून तार सप्तकात चढवणे म्हणजे नातवाचा सदरा आजीला घालण्यासारखे.

"आता जोर न लावता खाली खाली उतरा," मी म्हटले. "जिथवर आवाज भरीव राहील तिथवरच. पुटपुटायला लागलात की थांबा."

त्या काळी दोनवर थांबल्या. हा त्यांचा मंद्र पंचम धरायचा. तिथून वर पाचवी पट्टी मोजली, ती काळी चार. तिथे त्यांचा सा. मग काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच करीत पुन्हा काळी चार. वहिनी अलगद तार षड्जावर गेल्या आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघू लागल्या.

सा सापडला, पण पेटीवर अखेरपर्यंत विसंबू नये. पेटीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. १९४० साली रेडिओने तिला बंदीही केली होती, आणि ती १९७१ साली सैल झाली. मी त्या पक्षाचा नव्हे. स्वराची जागा दाखवायला पेटीइतकी सोयीची वस्तू नाही. तरी तिच्यात एक खोट आहे. समजा, सा सेकंदाला २४० कंपनांचा. तर पंचम ३६०, तार सा ४८० आणि कानाला गोड लागणारा शुद्ध ग ३००. पेटीचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असल्याने तिचा पंचम जवळपास बरोबर येतो. पण गंधार ३०२ च्याही थोडा वर जातो. दोन कंपने ती काय! पण तंबोऱ्याजवळ बसून बघा. खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने, कुणी न वाजवलेला, बारीकसा गंधार तिच्यातूनच ऐकू येतो. तो ३०० च्या नात्यातला. त्याच्यावर पेटीचा ग धरला की सुरात थरथर उठते. एकदा कानाने ती ओळखली की 'सुरात आहे' आणि 'जवळपास आहे' यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही.

घरी तंबोरा नव्हताच. वहिनींच्या मोबाइलवर तंबोऱ्याची सोय होती, तिला काळी चार लावून दिली. तसल्या यंत्रावर नाक मुरडायला मला परवडते. घरात चार तारा जुळवत बसायला वेळ नसलेल्या गृहिणीला नाही.

चकली तशीच राहिली. वहिनींनी अर्धा तास नुसता सा लावला. मग प. मग चहा आला, तोही निवला. स्वयंपाकघरातून दादा डोकावून गेला, पण बोलला काही नाही.

"भावोजी," वहिनींनी विचारले, "तीव्र म कुठे म्हणालात?"

मी काळी एक आणि काळी दोन यांच्यामधल्या पांढरीवर बोट ठेवले.