गोष्टीतलं मूल आज कितवीत आहे?

मराठीत मुलांसाठी खऱ्या आयुष्याच्या गोष्टी नाहीत, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. ती खरी नाही. परीराण्या आणि राक्षस बाजूला सारून खऱ्या घरातलं, खऱ्या शाळेतलं, खोटं बोलून रात्री तळमळणारं मूल मराठीने फार लवकर रंगवलं. ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी, साने गुरुजींचा श्याम, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, प्रकाश नारायण संतांचा लंपन, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. कुठल्याही भाषेने मिरवावी अशी ही मंडळी. तक्रार करायचीच तर वेगळी आहे, आणि ती काळाची आहे. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, १९३५ साली छापली गेली. तिच्यातलं पालगड मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. संतांचा ‘वनवास’ पुस्तकरूपाने १९९४ साली आला. लंपनचं बेळगावकडचं जग स्वातंत्र्याच्या आगेमागचं. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ची, गोष्ट आणीबाणीच्या दिवसांतली. शेवटची दोन पुस्तकं तर मुळात मोठ्यांसाठी लिहिलेली. पण आठवी-नववीतलं वाचणारं मूल शेवटी त्यांच्यापाशीच जाऊन थांबतं, कारण त्याच्या वयासाठी लिहिलेल्या कपाटात त्याला पुरेल असं काही उरलेलं नसतं. मराठी लेखक मुलांसाठी खरं लिहायला बसला की बहुधा स्वतःचं बालपण लिहितो. आठवण प्रामाणिक असते, गोडही असते, पण वाचणारं मूल तिच्यापाशी एकदोन पिढ्या उशिरा पोचतं. वास्तवाच्या नावाखाली आपण मुलांना बव्हंशी स्मरणरंजन देत आलो आहोत.

या उशिराचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसतो हे पाहायचं तर मुंबईच्या उपनगरांकडे पाहावं. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर भरली. वांद्र्याच्या पुढे दहिसरपर्यंत आणि कुर्ल्याच्या पुढे मुलुंडपर्यंत मराठी घरं पसरली आहेत, आणि त्यांतल्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या घरासारखं घर मराठी पुस्तकात शोधायचं म्हटलं तर त्याला गिरगावची चाळ सापडेल, पुण्याचा वाडा सापडेल, कोकणातली ओसरी तर हमखास सापडेल. घाटकोपरच्या पंतनगरातली म्हाडाची इमारत, विक्रोळीचं कन्नमवार नगर, ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वसवलेलं चारकोप, अंधेरी-मरोळची एमआयडीसी हे सगळं त्याला क्वचितच भेटेल. मोठ्यांच्या मराठी साहित्याची अशी अडचण झालेली नाही. जयवंत दळवींनी ‘चक्र’मध्ये झोपडपट्टी आणली, भाऊ पाध्यांनी ‘वासूनाका’त नाक्यावरची पोरं बोलती केली, जयंत पवारांनी बंद गिरणीमागचं घर दाखवलं. मुलांच्या पुस्तकांनी मात्र या शहराला बराच काळ सुट्टीत मामाच्या गावाला निघण्यापूर्वीचं ठिकाण एवढाच मान दिला.

आणि सामग्रीची वाण आहे म्हणावं तर तसंही नाही. आज उपनगरातल्या मध्यमवर्गीय आणि निम्नमध्यमवर्गीय मुलाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घडामोड बहुधा पुनर्विकास ही असते. जुनी चार मजली इमारत रिकामी करायची, बिल्डर दरमहा भाडं देणार, अकरा महिन्यांचा करार करून कुठेतरी राहायचं. चांगली जागा भाड्यात बसत नाही म्हणून कुटुंब नालासोपाऱ्याला किंवा कल्याणला जातं. शाळा मात्र तीच राहते, कारण दहावी तोंडावर आलेली. मग नववीतली मुलगी पहाटे उठून विरारहून भरून येणाऱ्या गाडीत चढते. काही महिन्यांनी भाड्याचा चेक थकतो. सोसायटीच्या मीटिंगला मुलांना बसवत नाहीत, पण कार्पेट किती मिळणार, कॉर्पस किती, ओसी कधी येणार हे सगळं तिला पाठ असतं, कारण वन रूम किचनच्या घरात मोठ्यांचं बोलणं वेगळ्या खोलीत होऊ शकत नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा सही करायला तयार नाहीत, आणि त्या घरातला मुलगा तिच्याच वर्गात आहे. दोन घरांतलं बोलणं बंद झालंय. या दोघांनी डबा एकत्र खायचा की नाही? नवी इमारत उभी राहते तेव्हा खाली स्टिल्ट पार्किंग असतं, आणि जिथे क्रिकेट चालायचं तिथे खेळण्यास सक्त मनाई अशी पाटी. या एका प्रसंगात पैसा आहे, मैत्री आहे, मोठ्यांचा खोटेपणा आहे, आजोबांची हट्टी माया आहे. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ या कादंबरीला २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यात धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट आहे. म्हणजे घर सुटण्याचं दुःख मराठी बालसाहित्याला कळत नाही असं नाही. ते दुःख नदीकाठी कळतं, लिंक रोडवर अजून कळायचं आहे.

हे कसं लिहावं याचा जुना आणि भक्कम नमुना जर्मनीत आहे. एरिश केस्टनरची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही कादंबरी १९२९ साली आली. एमिलची आई विधवा, घरीच बायकांचे केस धुऊन-सेट करून संसार चालवणारी. १४० मार्क घेऊन, त्यांतले १२० आजीला द्यायला, तो एकटा रेल्वेने बर्लिनला निघतो; नोटा कोटाच्या आतल्या खिशात टाचणीने टाचलेल्या असतात, तरी डोळा लागताच चोरीला जातात. मग बर्लिनची पोरं टोळी करून चोराचा पाठलाग करतात, तो खऱ्या रस्त्यांवरून, खऱ्या चौकांतून, त्या काळच्या ट्रॅममधून. तेव्हाच्या बर्लिनमधलं मूल पुस्तक हातात धरून त्या वाटेने चालू शकत होतं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते १४० या आकड्याचं वजन. आईने ते किती डोकी धुऊन साठवले असतील याची जाणीव केस्टनर वाचकाला सुरुवातीलाच देतो, म्हणून पुढचा पाठलाग नुसता खेळ राहत नाही. नाझींनी १९३३ साली केस्टनरची पुस्तकं जाहीरपणे जाळली, पण ‘एमिल’ला हात लावायचं त्यांनी टाळलं, इतकं ते घराघरांत गेलेलं होतं. आपल्याकडे समकालीन मूल रंगवण्याची ही हातोटी भागवतांकडे होती. फास्टर फेणे वाचकाच्याच काळात, वाचकासारखीच सायकल हाणत पुण्यात फिरला. अगदी लहान वाचकांसाठी माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ यांतून आजचं घर आणलं, पसाऱ्यासकट, उपदेशाशिवाय. वाचक दहा वर्षांचा झाला की मात्र ही वाट एकदम अरुंद होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मुलांना रोजचं रडगाणं नको, स्वप्न हवं, हॅरी पॉटर त्याशिवाय का खपला? स्वप्नाला कोणाचाच विरोध नाही. पण हॅरी पॉटर सुरू होतो तो लंडनजवळच्या एका कंटाळवाण्या उपनगरात, जिन्याखालच्या कपाटात झोपणाऱ्या पोरक्या मुलापासून. ते कपाट खरं वाटलं नसतं तर पुढचा किल्लाही उभा राहिला नसता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो पालकांचा आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या प्रकाशकांचा. कर्ज, भांडण, अपघात, मृत्यू हे विषय कोवळ्या वयात कशाला? प्रश्न असा की त्या वयापासून आपण ते लपवू शकतो का? १३ मे २०२४ला घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा त्याचे व्हिडिओ घरातल्या मोठ्यांइतक्याच वेगाने मुलांच्या हातात पोचले. घाटकोपरच्याच रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला पोलिसांनी केलेला गोळीबार त्या वस्तीतल्या मुलांना घरातूनच ठाऊक होतो. मुलांना घटना कळते. माणसं, कारणं, नंतरचे दिवस कळत नाहीत, आणि ते कळवण्याचं काम गोष्टीइतकं नीट दुसरं काहीच करत नाही. शिवाय ज्या पुस्तकाला आपण संस्कारांचा ठेवा म्हणून घराघरांत ठेवलं, ते नीट उघडून पाहावं. ‘श्यामची आई’ मायेची जितकी आहे तितकीच कर्जाची आहे. सावकाराची माणसं दारात येतात, जप्ती येते, अब्रू जाते, आई खचत जाते. साने गुरुजींनी यातलं काहीही मुलांपासून लपवलं नाही. पुढच्या पिढ्यांनी त्यातलं वात्सल्य उचललं आणि हिशेबाची वही मिटून टाकली. ती वही परत उघडली ती एका चित्रपटाने. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) हप्ते थकले म्हणून बँक आईचं विणकामाचं यंत्र जप्त करते, सायकल विकायची वेळ येते आणि पंढरपूरच्या जत्रेत ज्ञानेश आणि झेंडू बांगड्यांचा ठेला लावतात. लहान मुलांनी तो हसत, टाळ्या वाजवत पाहिला. कोणाचं बालपण त्यामुळे करपल्याचं ऐकिवात नाही.

आजचं मूल मराठी गोष्टींत अजिबात येत नाही असंही कोणी म्हणू नये. येतं, पण रोगी म्हणून. मुंबईचा मुलगा मोबाइलच्या नादी लागलेला असतो, चिडचिडा असतो, त्याला वरणभात आवडत नाही. सुट्टीत गावी जातो, विहिरीत पोहतो, आजीच्या गोष्टी ऐकतो आणि चार पानांत सुधारून परत येतो. शहर हा आजार आणि गाव हे औषध, असा हा साचा आहे. काळाचं भान म्हणून त्यात फक्त फोनचं मॉडेल बदलतं. अशा कथेला वास्तववादी म्हणण्यापेक्षा सरळ परीकथा लिहावी. ती निदान मुलावर दोषारोप करत नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न: वाचणार कोण? उपनगरातली मराठी मुलं इंग्रजी शाळांत गेली, मराठी शाळांचे वर्ग एकेक करून बंद होताहेत. हे खरं आहे आणि ते झाकून काही साधणार नाही. पण बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे, ठाण्याहून ‘वयम्’ निघतो, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी येतो, म्हणजे पोचवायला गाडी आहे. इंग्रजी शाळेतलं मूल घरात मराठी बोलतं, त्या मराठीत भांडतं, त्या मराठीत ओरडा खातं. त्याला छापील मराठीत पहिल्याच पानावर माजघर आणि पडवी भेटली तर ते इंग्रजीकडे परत जाणार. दोष त्याचा कसा? त्याची भाषा भेसळीची आहे, घाटकोपर-मुलुंडच्या बिल्डिंगीखाली खेळताना ते हिंदी बोलतं, शेजारच्या मित्राच्या आईशी मोडकं गुजराती बोलतं. लेखकाने हे जसंच्या तसं संवादांत येऊ द्यावं. निवेदन शुद्ध ठेवायला कोणी अडवलेलं नाही. एवढ्यानेच भाषा बुडेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी संवाद लिहून पाहावेत. शुद्ध मराठीत क्रिकेटचं भांडण रंगत नाही.

उरला शिळेपणाचा धाक. रस्त्यांची, पुलांची, स्टेशनांची नावं घातली की पुस्तक दहा वर्षांत जुनं होतं, असं काही संपादक सांगतात. केस्टनरचं बर्लिन युद्धात जमीनदोस्त झालं, तरी एमिल आजही वाचला जातो. आणि आपल्याकडे तर कल्पनाशक्तीलाही सुचणार नाही असं शहर समोर घडतंय. जुलै २०१८मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२मध्ये पूल बंद झाला आणि पूर्वेचं घर आणि पश्चिमेची शाळा यांच्यातलं अंतर रातोरात वाढलं. फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना. एक पूल वर, एक खाली. सहावीतल्या मुलांनी पट्टी घेऊन हे आधीच मोजलं असतं आणि कोणी ऐकलं नसतं, एवढी एक ओळ सुचली तरी विनोदी कादंबरी सुरू होते. वर्तमानपत्रांनी त्यावर व्यंगचित्रं काढली, मोठ्यांनी समाजमाध्यमांवर टोमणे मारले. मुलांची गोष्ट लिहिण्याची संधी मात्र तशीच पडून आहे.

तेव्हा बालकुमार अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना एक विनंती. दिवाळीसाठी कथा मागवाल तेव्हा विषय देऊ नका, मूल्यं सांगू नका, बोध तर मुळीच मागू नका. अट एकच घाला: कथेतलं मूल यंदा शाळेत जाणारं असलं पाहिजे, आणि ते कुठल्या स्टेशनला उतरतं हे लेखकाला माहीत असलं पाहिजे.