गादी म्हणजे ऑफिस नव्हे, बॉस!

रात्रीचे दोन. मांडीवर लॅपटॉप, पाठीला तीन उशा, हातात चौथा चहा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फ्रीलान्सरने रात्रीच लिहावं, हा माझा फंडा. एकदा पेंगत टाईप करताना लेखात भलत्याच माणसाचं नाव गेलं. संपादकांनी काम देणंच थांबवलं. सॉलिड झटका!

धुळ्याला आजीकडे गेले. गच्चीवर अंथरुणातच लॅपटॉप उघडला, तर ती म्हणाली, "गादीवर हापिस मांडलंस, मग झोपेनं टेकायचं कुठं?"

पॉइंट होता. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. म्हणजे गच्चीवर पाणी शिंपडून झोपायची आपली रीत एकदम सही! चहातलं कॅफिन मात्र पाच-सहा तासांनीही साधारण निम्मं अंगात असतं.

आता पाचनंतर चहा बंद. रात्री अंघोळ. लॅपटॉप टेबलावर, चार जाड पुस्तकांवर. कीबोर्ड वेगळा, मान ताठ. अवघड लिखाण पहाटे, ऊन चढायच्या आत.

एकाग्रतेला एसी केबिन लागते थोडीच? असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता येत नव्हतं, तरी घरची, शेतातली कामं करता करता त्यांनी गाणी रचली.

ते संपादक अजून रुसलेलेच आहेत. झोप मात्र परतलीय. तुमचा लॅपटॉप आज कुठे झोपणार?